हात न लावता जळणारी चूल

बिबवेवाडीतल्या त्या वस्तीत बुद्धपौर्णिमेला गेली तीसेक वर्षं भाषणं होत आली, आणि हिरा ओव्हाळनं त्यातलं एकूण एक ऐकलं. पाहिलं मात्र एकही नाही. विहारासमोर मांडव पडायचा. मांडवाच्या पुढच्या अंगाला स्टेज, मागच्या अंगाला कनात, कनातीमागं चूल, चुलीवर माणूस आत बसून अंघोळ करेल एवढं पातेलं, पातेल्यात अख्ख्या वस्तीची खीर आणि पातेल्याशी हिरा. त्यामुळं तिला वक्त्यांची तोंडं माहीत नव्हती, गळे माहीत होते. अमके सर आधी तीनदा खाकरतात. तमक्या साहेबांना ‘या ठिकाणी’ म्हटल्याशिवाय श्वास घेता येत नाही. एक प्राध्यापक तर वाक्य सुरू करून कुठं तरी निघून जायचे, आणि ते परत येईपर्यंत तिची वेलची कुटून व्हायची.

पुढं स्त्री-पुरुष समानतेवर दणदणीत भाषण चाललेलं असायचं आणि मागं बायका धुरानं डोळे चोळत ते ऐकायच्या. टाळ्यासुद्धा वाजवायच्या, हात मोकळे असले तर. यात वस्तीत कुणालाच काही खटकत नव्हतं. खटकण्यासारखी गोष्ट असेल तर तीच होती.

हिरालाही खटकत नव्हतं, कारण चूल ही तिची जहागीर होती. पौर्णिमेची खीर म्हणजे काही साधीसुधी खीर नव्हे. सिद्धार्थ गौतम उपासानं सुकून काटकी झाला होता तेव्हा सुजातानं त्याला खीर दिली, ती खाऊन अंगात जीव आला, आणि मग तो बुद्ध झाला. ही गोष्ट वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही पाठ. हिरा त्यात आपल्या पदरचं एक वाक्य घालायची: ती खीर तळाला लागली असती, तर पुढचं काहीच घडलं नसतं. तिची खीर कधी लागली नव्हती. लागली असती तर तिनं वस्ती सोडली असती, असं ती म्हणायची, आणि ती म्हणते ते करते हे सगळ्यांना ठाऊक होतं.

यंदा मात्र घोळ झाला, आणि तो घरातूनच निघाला.

हिराची मुलगी कल्याणी हडपसरला एका दवाखान्यात नर्स आहे. तिनं ड्यूटीवरून येता-जाता बसमध्ये बसून अर्ध्या तासाचा एकपात्री प्रयोग लिहिला. सुजातावर. मंडळाचा अध्यक्ष समाधान यानं तो भाषण आणि खीर यांच्या मधोमध बसवून टाकला. कल्याणीनं हे जेवताना सांगितलं. हिरा म्हणाली, बरं झालं, मागून ऐकते. कल्याणीनं भाकरी खाली ठेवली.

“ऐकायचं नाहीये, आई. बघायचंय. पुढच्या रांगेत, खुर्चीत बसून. नाहीतर मी करत नाही.”

“मग खिरीला कोण बसेल, तुझा अध्यक्ष?”

“ते मला माहीत नाही. खुर्ची रिकामी दिसली की मी स्टेजवरून उतरणार.”

ही पोर एवढी हट्टी कुणावर गेली, हे वस्तीत कुणी विचारत नाही. हिराचा नवरा कचरू, बस डेपोतून फिटर म्हणून रिटायर झालेला शांत गडी, त्यानं दोघींकडं बघून घेतलं आणि स्वतःच उठून पाणी घेतलं.

आता अडचण कुठं होती ते नीट समजून घ्या. खीर ढवळायला कुणीही चालतं. लांब दांड्याचा डाव घ्यायचा आणि गोल फिरवत राहायचं. हे काम कचरूसुद्धा करू शकतो, असं हिराच म्हणायची. अडचण जाळाची होती. दूध आटलं, तांदूळ शिजला की त्यापुढं खीर मुरायला तास-दीड तास लागतो. तेवढा वेळ खाली जाळ एकसारखा मंद पाहिजे. चढला की तळ धरला, उतरला की खिरीची पेज. त्यासाठी कुणीतरी समोर बसून लाकूड मागं ओढायचं, पुढं सारायचं, निखारा पसरायचा, फुंकणी मारायची. ते कुणीतरी म्हणजे हिरा. तीसेक वर्षं.

दुसऱ्या कुणाला बसवावं, तर आपल्या लोकांची एक खोड आहे. चुलीजवळून जाणारा माणूस लाकूड आत सारल्याशिवाय पुढं जाऊच शकत नाही. तो मुलाखतीला निघालेला असो, लग्नाला निघालेला असो, हातात दोन पिशव्या असोत, बाहेर डोकावणारं लाकूड दिसलं की तो निदान पायानं तरी ते आत ढकलणार. त्याला ती मदत वाटते. एखादी बाई न ढकलता निघून गेली तर हिला आईनं काही वळण लावलं नाही, असं समजतात. सगळ्यांना वळण लागलेलं, आणि खिरीचं वाटोळं करायला एवढं वळण पुरेसं आहे.

समाधाननं गॅसची शेगडी सुचवली. हिरा त्याला म्हणाली, गॅसवर चहा होतो. मागं एकदा गॅसवर केलेली खीर लोकांनी गुपचूप खाल्ली होती, आणि पातेल्याची खरवड मागायला एकही जण आला नव्हता. याहून मोठा अपमान तिच्या लेखी नव्हता. समाधान जय भीम करून निघून गेला.

मार्ग काढला रहीमभाईंनी. रहीमभाई म्हणजे कचरूचे चहाचे सोबती. उभं आयुष्य कॅम्पातल्या एका बेकरीत भट्टी सांभाळली, आता गुडघे धरून घरी. ते म्हणाले, एकदाच भरा, एकदाच पेटवा आणि परत त्या चुलीकडं बघू नका. हिरा म्हणाली, असं कुठं असतं का? रहीमभाई म्हणाले, आम्ही पाव आत टाकून सिनेमाला जायचो.

ही थाप होती, हे कचरूला माहीत होतं. पण पुढचं थाप नव्हतं. रहीमभाईंचं म्हणणं असं, की आपण चूल उलटी लावतो. खाली काटक्या, वर लाकडं, आणि काडी खालून. मग जाळ सगळ्या लाकडांना एकदमच धरतो, ढणाढणा पेटतो आणि हां हां म्हणता विझायला येतो. मग घाला लाकूड, मारा फुंकर, चोळा डोळे. त्यापेक्षा जाड ओंडके तळाला घाला, एकाला एक चिकटून, मधून मुंगी जाणार नाही असे. त्यावर मधली लाकडं आडवी. त्यावर ढलप्या, करवंट्या, काटक्या. आणि काडी लावा सगळ्यात वर. जाळ वरून खाली उतरत जातो, खालच्या ओंडक्यांना हवा सापडत नाही, ते सावकाश वरूनच कोरले जातात. तोंडाला पत्रा लावा, बोटभर फट ठेवा. फट मोठी तर जाळ मोठा, फट बारीक तर जाळ बारीक.

“जाळ खाली कसा जाईल? जाळ वर जातो,” हिरा म्हणाली.

“उदबत्ती कुठून पेटवता, हिराताई?”

हिरा गप्प बसली. ती गप्प बसली हे रहीमभाईंनी पुढं आठवडाभर ज्याला त्याला सांगितलं.

नम्रता हा गुण दोघांपैकी कुणाकडंच नव्हता, त्यामुळं ही शिकवणी भांडणासारखी चालायची. रहीमभाई खुर्चीत बसून काठीनं दाखवायचे, हिरा मुद्दाम दुसरंच लाकूड उचलायची. तालमीला घेतला घरातला तांब्याचा बंब. गॅस येऊनही तो बंब तिनं मोडीत घातला नव्हता. बंबाच्या मधल्या नळीत ढलप्या आणि लाकडं उभी रचून वरून पेटवायची, आणि एका भरणीत पाणी किती वेळ गरम राहतं ते बघायचं.

पहिल्या दिवशी तिनं लाकडं इतकी ठासून भरली की वरच्या काटक्या जळून गेल्या आणि खालच्यांना काही कळलंच नाही. दुसऱ्या दिवशी जागा ठेवली, तर नळीतून असा काही भडका उठला की कचरूचा वाळत घातलेला बनियन तपकिरी झाला. तिसऱ्या दिवशी लाकूड ओलं निघालं. चौथ्या दिवसापासून मात्र बंब वठणीवर यायला लागला आणि गल्ली बिघडायला लागली.

कारण पाणी तापत होतं ना. दिवस मे महिन्याचे, पुण्यात ऊन असं की कौलावर पापड भाजावेत, आणि हिराच्या घरी उकळतं पाणी पिंपानं तयार. तापवलेलं पाणी ओतून द्यायचं म्हणजे पाप. तिनं कचरूला सकाळी अंघोळ घातली, दुपारी घातली, संध्याकाळी तो डेपोतल्या मित्राला भेटायचं निमित्त काढून पळाला. मग तिनं शेजार धरला. शेजारच्या हेमाच्या दारात बादली, समोरच्यांच्या दारात बादली. गल्लीतली माणसं लालबुंद होऊन घराबाहेर पडायला लागली. नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती, कारण पौर्णिमेला खीर वाढताना हिराचा हात कुणाच्या द्रोणात किती कलेल, हे सर्वस्वी हिरावर होतं.

शेवटी एका सकाळी गल्लीच्या तोंडाला पाटी लागली. सुवाच्य अक्षरात, खडूनं: ‘मे महिना चालू आहे. गरम पाणी नको. समजूतदारांस एवढे पुरे.’ खाली नाव नव्हतं. हिरानं पाटी वाचली, अक्षर हेमाच्या नवऱ्याचं आहे हे ओळखलं आणि त्याच्या दारात एक बादली जास्त ठेवली.

पण बंब जमला होता. एकदा भरला, वरून पेटवला, झाकणाची फट बेतली आणि ती उठून मंडईत जाऊन भाजी घेऊन परत आली, तरी नळीत निखारा फुलासारखा बसलेला. तिनं रहीमभाईंना हाक मारून दाखवला. रहीमभाईंनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, ठीक आहे, पाव जरा कच्चा राहिला असता. हिरानं त्या दिवशी चहात त्यांना साखर घातली नाही.

मग दोघं रिक्षानं वखारीत गेले. हिरा वखारीत लाकूड घ्यायला गेली की वखारवाला आपणहून बाजूला होतो. ती दोन ओंडके एकमेकांवर आपटते. ठणकन वाजलं तर वाळलेलं, थप्प वाजलं तर ओलं. रहीमभाईंची रीत वेगळी. ते ओंडक्याच्या चिरा बघायचे. एक आपटत होती, एक डोळे बारीक करत होते, आणि दोघांचीही निवड शेवटी त्याच बाभळीच्या ढिगावर येऊन थांबली. ते दोघांनाही आवडलं नाही. येताना रिक्षात पायाशी ओंडके, मांडीवर ओंडके. रिक्षावाल्यानं आरशात बघून विचारलं, काय कार्यक्रम आहे का? हिरा म्हणाली, आमची पोरगी नाटक करणार आहे. हे सांगताना ती लाजली. साठीच्या बाईनं, मांडीवर बाभूळ घेऊन, रिक्षात लाजणं हे दृश्य त्या रिक्षावाल्याच्या नशिबात होतं.

पौर्णिमेच्या दिवशी दुपारी नेहमीच्या जाळावर दूध आटलं, तांदूळ शिजला. ऊन उतरायला लागलं तशी हिरानं चुलीतले सगळे निखारे ओढून बाहेर काढले. मागं उभ्या बायकांत चुळबुळ झाली. अर्धी खीर चुलीवर आणि खालचा जाळ ओढून काढायचा, हे त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं. हिरानं पदर खोचला, मांडी घातली आणि चूल भरायला घेतली. तळाला बाभळीचे ओंडके, शेजारी शेजारी, पाटीत भाकरी रचावी तसे. कुठं फट दिसली की तिथं ढलपी ठोकून बसवली. त्यावर आडवी लाकडं. त्यावर करवंट्या आणि काटक्या. मग चिमट्यानं चार निखारे उचलले आणि सगळ्यात वर, पातेल्याच्या बुडाखाली, अलगद ठेवले.

हेमा कमरेवर हात ठेवून उभी होती. ती म्हणाली, “हिराआक्का, चूल पेटवतेस का देवघरात दिवा लावतेस?”

“तुझ्याकडं देवघर आहे का अजून?” हिरानं मागं न बघता विचारलं. बाकीच्या बायका हसल्या आणि हेमा काटक्या मोडायला लागली.

वरच्या काटक्या धरल्या, करवंट्या तडतडल्या, थोडा वेळ जाळ चांगला फुलला आणि मग शहाण्या पोरासारखा खाली बसला. खीर एका जागी बुड् बुड् करत राहिली. हिरानं पत्रा लावला, बोटभर फट ठेवली, कचरूच्या हातात डाव दिला आणि त्याला ताकीद दिली: दोन्ही हात डावावर. काही झालं तरी डाव सोडायचा नाही. चुलीला हात लावायचा नाही. जमलेल्या बायकांनाही तेच सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मान डोलावण्यात आपला समाज कुणाला हार जाणारा नाही.

मग हिरा घरी गेली, अंघोळ केली, मोरपिशी साडी नेसली आणि मांडवात पुढून शिरली. पुढून. तिला पहिल्यांदा कळलं की मांडवाला पुढूनही दार असतं.

पहिल्या रांगेतल्या तिच्या खुर्चीवर समाधाननं बोलावलेले कुणी पाहुणे बसले होते. समाधान धावत आला आणि मावशी, तुम्ही जरा तिसऱ्या रांगेत, असं काहीतरी म्हणायला लागला. हिरानं त्याला विचारलं, खीर खायची आहे का? पाहुणे तिसऱ्या रांगेत गेले. शेजारच्या खुर्चीवर रहीमभाई गुडघ्यावर काठी ठेवून आधीच बसलेले होते. त्यांना कुणी बोलावलं, ते कुणी विचारलं नाही.

आणि मग हिरा जी बघत सुटली ती बघतच सुटली. तीनदा खाकरणारे सर म्हणजे तिच्या डोळ्यांसमोर सहा फुटी, मिशीवाला माणूस होता. प्रत्यक्षात ते माइकच्या पलीकडं दिसेनात एवढे निघाले. ‘या ठिकाणी’वाले साहेब ‘या ठिकाणी’ म्हणताना प्रत्येक वेळी वर बोट दाखवत होते, म्हणजे ठिकाण कुठं तरी मांडवाच्या छतात होतं. वाक्यातून निघून जाणारे प्राध्यापक मधल्या वेळात चक्क पाणी पीत होते. हिराला हसू आवरेना. पदर तोंडात कोंबून ती हसत होती आणि रहीमभाई तिला कोपरानं ढोसत होते. भाषण अत्याचाराच्या आकडेवारीवर होतं. वक्त्यांनी दोनदा तिच्याकडं दुखावल्यासारखं पाहिलं.

हातांचं काय करायचं हे मात्र तिला समजेना. रिकामे हात तिला कुणी दिलेच नव्हते. मांडीवर ठेवले तर परक्याचे वाटायला लागले. शेवटी ती खुर्चीच्या हाताला आलेलं प्लास्टिकचं टोक खरवडत बसली.

कल्याणी स्टेजवर आली. साधी सुती साडी, पदर कमरेला करकचून खोचलेला, एक हात कमरेवर, दुसऱ्यात डाव. समोर तीन विटा आणि एक पातेली. सुजाता खीर करायला बसली होती आणि घरातला, गावातला जो तो येऊन तिला अक्कल शिकवत होता. सासू म्हणे गूळ घाल, दीर म्हणे कुणासाठी एवढं दूध, शेजारीण म्हणे झाडाखाली बसणाऱ्याला काय खीर घालतेस. आणि सुजाता एकेकाला असं काही सुनावत होती, नाक असं काही उडवत होती, की पहिल्या दोन वाक्यांतच मांडव कोसळायच्या बेताला आला. लोक स्टेजकडं बघत, मग हिराकडं बघत, आणि पुन्हा फुटत.

हिरा रहीमभाईंच्या कानाशी वाकली. म्हणाली, “ही सुजाता फारच तोंडाळ आहे, नाही?”

“फारच,” रहीमभाई डोळे पुसत म्हणाले.

तेवढ्यात हिराच्या नाकाशी वास आला.

तिनं मान वळवली नाही. वळवायची गरज नव्हती. तिचं नाक कनातीमागं तीस वर्षं वाढलेलं होतं. हा बाभळीचा वास नव्हता. हा होता ओल्या सुबाभळीचा कोवळा धूर. म्हणजे कुणीतरी पत्रा काढून फाटा आत घातला होता. मग तडतड ऐकू आली. हा दुसरा फाटा. मग तिसरा. एकेक बाई, एकेक बाप्या कनातीमागून जाताना चुलीला बिचारी विझत आलीय म्हणून हातभार लावत होता, हे तिला न बघता दिसत होतं. कचरू दोन्ही हात डावावर ठेवून उभा असणार आणि कुणाला काही म्हणत नसणार, हेही दिसत होतं. तिनं त्याला डाव सोडू नको म्हणून बजावलं होतं; तोंड उघड म्हणून सांगायला ती विसरली होती.

हिरा उठली. म्हणजे उठायचं तिनं ठरवलं नाही, पायच उठले. आणखी थोडा जाळ चढला की तळ धरणार, आणि धरला की सगळ्या वस्तीच्या तोंडात करपट चव आणि सगळ्या वस्तीच्या तोंडी हिराचं नाव. ती अर्धी उभी राहिली आणि स्टेजवर शांतता झाली.

कल्याणी थांबली होती. डाव हातात तसाच. ती आईकडं बघत होती. शाळेच्या गॅदरिंगला, नर्सिंगच्या सत्काराला, दर वेळी प्रेक्षकांत आई शोधायची आणि मग शोधणं सोडून द्यायचं, असं करता करता हा चेहरा तयार झाला होता. त्यात राग नव्हता. जा, असंच होतं त्यात.

हिरानं कनातीकडं पाहिलं. कनातीच्या वर धूर पांढरा होऊन चढत होता. तिनं स्टेजकडं पाहिलं.

“करपू दे,” ती म्हणाली, आणि खुर्चीत अशी बसली की प्लास्टिकचे चारही पाय फाकले.

हे फार मोठ्यानं म्हटलं गेलं. मागच्या रांगांपर्यंत गेलं. मांडवभर माना तिच्याकडं वळल्या. कल्याणीच्या तोंडावर मात्र काय झालं ते पहिल्या रांगेलाच दिसलं. एखाद्या पोरीला जत्रेत पाळण्यात बसवावं आणि पाळणा एकदम वर जावा, तसं झालं. तिनं पदर आणखी करकचून खोचला, स्टेजच्या कडेला आली. स्टेज उंच होतं, कनात खांद्याएवढी, चुलीशी बसलेल्यालाच काय ती आड करणारी. तिथून तिला चूल दिसत होती, आणि चुलीशी हातात फाटा घेऊन वाकलेली हेमाही.

“ए हेमा,” सुजाता स्टेजवरून कडाडली, “ते लाकूड खाली ठेव. तुझ्या घरची चूल आहे का ती?”

तो आवाज, ते नाक उडवणं, ‘का’वरचा तो झटका. हेमाच्या हातातून फाटा गळाला. आणि तिच्या तोंडून, नाटक आहे की खरं याचा विचार व्हायच्या आत, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं निघालं: “हो हिराआक्का.”

तेव्हा हिराला कळलं. तिनं हळूच रहीमभाईंकडं पाहिलं. रहीमभाई खुर्चीतून अर्धे घसरले होते आणि काठीनं जमीन बडवत होते. ती म्हणाली, मी अशी बोलते? रहीमभाईंना उत्तर देण्याएवढा श्वासच नव्हता.

पुढं स्टेजवर सुजातानं जे काही केलं ते लिहून ठेवलेल्या नाटकात नव्हतं. घुसडलेले फाटे ओढून बाहेर काढायला लावले. वरून दोन ओंजळी राख टाकायला लावली. पत्रा लावून बोटभर फट ठेवायला लावली आणि ती फट स्टेजवरून डोळा बारीक करून तपासली. चुलीभोवतीच्या सगळ्यांना हात पदरात आणि खिशात घालून उभं केलं. मग पातेल्याशी उभ्या असलेल्या बापाकडं वळून म्हणाली, “आणि तुम्ही हो, तोंड कुठं ठेवलंत?”

“मला डाव सोडू नको म्हणाली होती,” कचरू म्हणाला. “नाही सोडला.”

टाळ्या अशा वाजल्या की समोरच्या सोसायटीतली माणसं गॅलरीत आली. चूल हळूहळू खाली बसली. बाभळीचे ओंडके तळाला होते तिथंच होते, वरच्या गडबडीशी आपला काही संबंध नसल्यासारखे. त्यांच्या अंगावर लाल निखारा सावकाश उतरत राहिला. सुजाता परत आपल्या तीन विटांपाशी बसली आणि उरलेलं नाटक झालं. त्यात शेवटी सुजाता खीर घेऊन झाडापाशी जाते, आणि तिथं ती काहीच बोलत नाही, नुसती वाटी पुढं करते. आतापर्यंत हसून हसून थकलेला मांडव एकदम गप्प झाला. हिरा रडली की नाही याबद्दल रहीमभाई आणि हेमा यांच्यात अजून वाद आहे.

वंदना झाली. विहारावर चंद्र आला. खिरीसाठी रांग लागली आणि समाधान लगबगीनं येऊन म्हणाला, मावशी, चला, वाढायला घ्या, लोक खोळंबलेत.

हिरा हलली नाही. म्हणाली, लोकांना हात आहेत, आत्ताच बघितले सगळ्यांचे. वाढा म्हणावं.

समाधाननं खोळंबलेल्या रांगेकडं पाहिलं. मग त्यानं बाह्या सरसावल्या आणि गेला. त्याच्यामागं तीनदा खाकरणारे सर गेले, ‘या ठिकाणी’वाले साहेब गेले. कनातीमागं या सगळ्यांच्या हातांत डाव आले. वाढताना कुणाचं मनगट दुखलं, कुणाच्या धोतरावर सांडलं, कुणी द्रोण उलटा धरला. बायका लांब उभ्या राहून ते बघत होत्या आणि एकमेकींच्या पाठीत धपाटे घालत होत्या.

हिराचा द्रोण कचरूनं आणला, दोन्ही हातांत धरून, सांडू न देता. ती खुर्चीत नीट बसली. साडीची निरी सारखी केली. एक बोट खिरीत बुडवलं, चाटलं, डोळे मिटले. दुसरं बोट बुडवलं. कचरू समोर उभा.

“साखर बेताचीच पडलीय,” हिरा म्हणाली. “आणि वरून किंचित धुराचा वास येतोय. खीर म्हणावी तर ठीक आहे. कोण होतं हो खिरीला?”

कचरूनं कनातीकडं पाहिलं, मग तिच्याकडं.

“विचारून सांगतो,” तो म्हणाला, आणि तिच्यासाठी आणखी एक द्रोण आणायला गेला.